खंडेनवमीच्या सीड्या

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो बायकोच्या कामासाठी. त्याला घाबरायचं काम तेवढं माझ्याकडे आलं.

बायको भोकरदनजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायची. मी गावातल्याच हायस्कुलात भूगोल शिकवायचो. लग्नामुळे अर्धवट सुटलेलं एम.ए. तिनं चाळिशी उलटल्यावर बाहेरून पुन्हा धरलं होतं. पेपर झाले, पास झाली, आणि शेवटी गाडी एका लघुप्रबंधापाशी येऊन थांबली. विषय तिचा तिनंच काढला होता. आपल्याकडची पोरं घरून जी बोली घेऊन शाळेत येतात, तिची पुस्तकातल्या भाषेशी पहिलीत गाठ पडते तेव्हा नेमकं काय होतं, असा. त्यासाठी ती पोरांची वाक्यं जशीच्या तशी टिपायची. हाताला येईल त्या कागदावर: बसच्या तिकिटामागं, खडूच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला. माहेरी पिंपळगाव रेणुकाईला गेली तरी भाचरांच्या मागं चिठोरा घेऊन हिंडायची. तिचा भाऊ म्हणायचा, "ताई, तू माहेरपणाला आलीस का पंचनाम्याला?"

ते सगळं आता टाइप करायचं होतं. नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती. वर्षाअखेर प्रबंध पोचला नाही, तर आधीचे पेपरही बाद. तिनं मला स्वच्छ सांगितलं होतं, "ह्या खेपेला राह्यलं तर राह्यलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत नसते."

म्हणून जालन्याच्या एका दुकानातून कॉम्प्युटर आणला. आणि दुसऱ्याच दिवसापासून तो चौकोन यायला लागला.

मशीन सुरू व्हायचं, पडद्यावरचं हिरवंगार कुरण दिसायचं, आणि आता हिनं कामाला बसावं तेवढ्यात उजव्या कोपऱ्यातून एक चौकोन हळूच वर सरकायचा. टुंग असा आवाज व्हायचा. मजकूर इंग्रजीत, आणि इंग्रजीतली कुठलीही सूचना मला दम दिल्यासारखीच वाटते. अर्थ असा, की तुम्ही अजून रिकव्हरीच्या डिस्क तयार केलेल्या नाहीत, मशीन बंद पडलं तर त्या लागतील, तरी कराव्यात. त्याखाली आणखी बारीक अक्षरात काहीबाही, आणि शेवटी दोन बटणं. एक 'आत्ता करा', दुसरं 'नंतर आठवण द्या'.

मी 'नंतर' दाबायचो. चौकोन खाली जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. लग्नाच्या पंगतीत एखादी आत्या असते ना, वाढत वाढत समोर येते आणि दर फेरीला थांबून विचारते, "पोरीचं जमलं का रे?" तसं ते. चिडताही येत नाही, कारण तिचं बरोबरच असतं.

"अहो, ते रोज काय म्हणून राह्यलंय?" बायकोनं एकदा विचारलं.

"काही न्हाई. सीड्या करून ठेवा म्हणतंय."

"मंग करा ना."

"करतो ना. नंतर."

आमच्या आईनं सोप्यावरून शेंगा सोलता सोलता तेवढंच ऐकलं. "रोज येऊन सांगतंय तर काहीतरी असंलच की त्याच्या मनात," ती म्हणाली. आईला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, पण कोण कळकळीनं बोलतंय हे तिला आवाजावरून कळायचं. टुंग ह्या आवाजात तिला कळकळ ऐकू येत असे.

मी टाळत होतो असं नाही. मी घाबरत होतो, आणि त्याला कारणही होतं. दुकानदाराला फोन करून विचारलं होतं. तो माझ्याच वयाचा, बोलका माणूस. सीड्या म्हटल्यावर मात्र त्याचा आवाज खाली आला. "सर, हे काम एकदाच होतं. ह्या मशीनमधनं एकच सेट निघतो. दुसरा काढू देत न्हाई. आणि निघता निघता मधीच लाइट गेली तर सीडी तर गेलीच, कधी कधी मशीन धरतं की सेट निघाला म्हणून. मंग बसा बोंबलत."

लाइट! ज्यांनी ती भारनियमनाची वर्षं काढली आहेत त्यांना ह्यावर काही सांगायला नको. लाइट कधी जाणार ह्याचं वेळापत्रक होतं, ते पाळलं जात नव्हतं एवढंच. सकाळी जायची, दुपारी यायची, यायची म्हणून वाट बघावी तर झळकून पुन्हा जायची. कॉम्प्युटरच्या खाली एक यूपीएसचा डबा दिला होता. लाइट गेली की तो किंचाळत सुटायचा आणि दहाएक मिनिटांत मान टाकायचा. बायको म्हणायची, हा डबा अगदी तुमच्यावर गेलाय. ओरडा मोठा, दम छोटा.

आणि काम सगळं मिळून तीन-चार तासांचं. सलग.

त्या दिवसांत माझं भूगोलात लक्ष नव्हतं. वर्गात ज्वालामुखी शिकवताना मधेच फळ्याच्या उजव्या कोपऱ्याकडे नजर जायची. वडीगोद्रीला मेहुणीच्या घरी दोन दिवस राहिलो, तर तिथंही खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून काही वर येतंय का बघत बसायचो. इकडे हिचा प्रबंध पानापानानं वाढत होता. एक बोट शोधतंय, एक बोट दाबतंय, असं तिचं टायपिंग. चिठोऱ्यांची पिशवी रिकामी होत होती आणि मशीन भरत होतं. जितकं भरेल तितका माझा जीव वर.

शेवटी मला तोडगा सुचला तो नवरात्रात. सणाच्या दिवशी लाइट जाणार नाही, अशी बातमी होती. खंडेनवमीला शाळेला सुट्टी. मी जालन्याहून कोऱ्या डीव्हीडी आणून ठेवल्या, दोन जास्तीच्या धरून. आमच्याकडे त्या चपट्या गोल वस्तूला सगळे सीडीच म्हणायचे, मीही म्हणतो.

पण खंडेनवमी म्हणजे आईचा दिवस. त्या दिवशी घरातली औजारं धुऊन-पुसून मांडायची, हळदीकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पाटावर विळा, खुरपं, अडकित्ता, बायकोची कात्री, आणि मी मास्तर झाल्यापासून माझा पृथ्वीचा गोल. त्या वर्षी कॉम्प्युटरचाही नंबर लागणार होता.

"आई, आज त्याला सुट्टी देता येत न्हाई," मी म्हणालो. "आजच लाइट हाय."

"आजच्या दिवशी औजार राबवतात का रे कुणी?"

"पूजेच्या आधी राबवतो. पूजा झाली की बंद. दुपारपर्यंत."

आईनं विचार केला. "जल्दी आटप मंग. मी फुलं घेऊन बसते."

सकाळीच बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा 'आत्ता करा' दाबलं, तर पडद्यावर लांबलचक मजकूर आला. बारीक अक्षर, परिच्छेदावर परिच्छेद. खाली 'पुढे' असं बटण. मी 'पुढे' दाबलं. इतक्या महिन्यांत त्या चौकोनानं माझ्या बोटाला एकच गोष्ट शिकवली होती: वाचत बसू नको, दाब.

निळी पट्टी सरकायला लागली, आणि मी घरावर संचारबंदी लावली. मिक्सर लावायचा नाही. इस्त्री नाही. मोटर नाही.

"फ्रीज उघडू नका कुणी," मी म्हणालो.

"फ्रीजच्या दाराचा काय संबंध?" बायको आतून.

"संबंध असतो."

"काय असतो?"

"आत दिवा लागतो ना!"

 आतून सासू-सुना दोघी मिळून हसल्या. चटणी पाट्यावर वाटली गेली आणि आईनं दोनदा ऐकवलं, की पाट्यावरच्या चटणीची चव मशीनला यायची नाही, बरं झालं तो डबा घरात आला.

लाइट गेली नाही. एकदा बल्ब नुसता मिणमिणला, तेवढ्यानं मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शेवटची सीडी बाहेर आली तेव्हा ती हाताला गरम लागली, पोळीसारखी. मी मार्करनं प्रत्येकीवर नकाशावर नावं घालतो तशा अक्षरात 'रिकव्हरी' आणि तिचा क्रमांक घातला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"झालं. आता मशीन जळून गेलं तरी काळजी न्हाई. सगळं ह्यात आलं."

"माझं पण?" बायकोनं पिठाचा हात तसाच वर धरला.

"सगळं म्हंजे सगळं."

"बराबर बघितलं ना?"

"बिलकुल."

मी आंघोळीला गेलो. तेवढ्या वेळात आईनं पूजा उरकून घेतली. बाहेर येऊन बघतो तर कॉम्प्युटरच्या खोक्यावर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल, माउसच्या पाठीवर कुंकवाचा ठिपका, आणि माझ्या सीड्या आपापल्या कागदी पाकिटात, लाल खणात बांधून पृथ्वीच्या गोलाशेजारी. मला फार बरं वाटलं. दसऱ्याला ते गाठोडं मी तसंच्या तसं लोखंडी कपाटात ठेवलं.

चौकोन यायचा थांबला. एवढ्या महिन्यांची सवय, तो येईना तर मला करमेना. आत्या पंगतीतून उठून गेली की वाटतं, आता ही कुणाजवळ काय बोलणार? तसं झालं. पण घरात बाकी सगळे निर्धास्त होते. दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा बायकोनं चिठोऱ्यांची ती पिशवी आणली आणि न्हाणीघरातल्या बंबाजवळ ओतली.

"अगं, हे जाळतेस?"

"मंग काय करू? सगळं टाइप झालं. वरून सीड्या हायेत. उंदरांना घालू का?"

 नरकचतुर्दशीचं माझं पाणी त्या चिठोऱ्यांवर तापलं. मी उटणं लावून आंघोळ केली, आणि पाणी मस्त कढत होतं हेही कबूल करायला पाहिजे.

दिवाळीनंतरचा एक रविवार. हिचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. चहा घेऊन ती बसली, बटण दाबलं, आणि कुरण आलंच नाही. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा त्याच दोन ओळी.

"अहो," तिनं हाक मारली. आवाजावरून मला कळलं.

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीतीबरोबर थोडा आनंदही झाला. इतके दिवस ज्याची तयारी केली तो प्रसंग आला होता आणि मी तयार होतो. मी कपाट उघडलं, लाल गाठोडं आणलं, खणाची गाठ सोडली. बायको खुर्चीतून उठून मागं उभी राहिली. दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरलेली.

"माझं परत येईल ना सगळं?"

"म्हंजे काय!"

पहिली सीडी घातली. आत घरघर झाली. थांबली. पुन्हा घरघर. मग एखाद्या म्हाताऱ्याला खोकला अडकावा तसा आवाज आला आणि पडद्यावर पुन्हा त्या दोन ओळी. मी सीडी काढून पुन्हा घातली. तेच. तिसऱ्यांदा काढली तेव्हा चुकून उलटी हातात आली, आणि मी बघतच राहिलो. चकचकीत बाजूवर मधल्या भोकाभोवती हळदीकुंकवाचा वाळलेला जाड थर होता. चांगली बोटं ओढलेली. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या सवाष्णी.

"आई!"

आई आली. तिला आधी वाटलं मी कौतुकानं दाखवतोय.

"हे इकडनं कामून लावलं?"

"मंग कुठनं लावू? वरच्या बाजूला तू लिहिलेलं. ओलं बोट लागून पुसलं असतं तर तूच म्हणाला असता, म्हातारीनं घाण केली. म्हणून उलटी करून, जात्याला लावतात तशी मधल्या भोकाभोवती लावली." ती माझ्याकडे, मग सुनेकडे बघायला लागली. "काय झालं? कामून असं बघून राह्यले?"

मी काहीतरी फार कडू बोलणार होतो. बायकोनं माझ्या दंडाला धरलं. "आधी दुकानदाराला फोन करा. हे पाण्यानं पुसायचं का कशानं, विचारा. अजून खराब करू नका."

नशीब, त्यानं रविवारी फोन उचलला. मी सगळं सांगितलं. कुंकवाचं जरा घाईनं सांगितलं.

"सर, एक मिनिट," तो म्हणाला. "सीडी घातली ती चालू झाली का? काही विचारलं का तिनं? 'हो' वगैरे दाबलंत का कुठं?"

"विचारतीय कुठली! वाचतच न्हाई ती. मधीच कुंकू."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "लई चांगलं झालं. आता हात लावू नका."

"चांगलं कसं?"

"सर, त्या सीड्यांनी मशीन कारखान्यातनं निघालं तसं होतं. कोरं. मॅडमचं सगळं पुसलं गेलं असतं. पहिली सीडी नीट चालली असती ना, तर आता मला फोन करून काही उपयोग नव्हता."

"पण मी तर सगळं त्यात भरलं..."

"तुम्ही काय भरलं? त्यात कंपनीचंच असतं. करायच्या आधी मोठा मजकूर येतो बघा, तुमच्या फायली ह्यात येत न्हाईत, त्या वेगळ्या ठेवा म्हणून. वाचला असंल तुम्ही."

"हो, हो," मी म्हणालो. "वाचला की."

त्यानं उद्या नुसतं खोकं घेऊन यायला सांगितलं. आतली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून बघू, ती जिवंत असली तर निघेल. जिवंत नसली तर? "मंग बघू," तो म्हणाला. बोलका माणूस दोनच शब्द बोलला की फार भीती वाटते.

बायकोला सांगणं भाग होतं. सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे सीड्यांत माझं काहीच न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"आणि चिठ्ठ्या..." तिनं न्हाणीघराकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

तो रविवार सरता सरेना. जेवायला कुणाला भूक नव्हती. दुपारी बघतो तर ती जुन्या कॅलेंडरची पानं उलटी घेऊन लिहीत बसलेली. आठवतील तेवढी पोरांची वाक्यं आठवत होती. थोडं लिहिलं, वाचलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

"येत न्हाईत," ती म्हणाली. "वाक्य आठवतंय, पण पोरगं आठवत न्हाई. माझ्या हातनं सगळी पुस्तकासारखीच बोलून राह्यलीत."

तिचा अख्खा प्रबंध त्याच्यावरच होता, की पोरं तशी बोलत नाहीत. मी बाहेर गेलो. आई सोप्यावर बसून होती. 

"माझ्यामुळं गेलं का रे तिचं?"

"न्हाई आई. तुझ्यामुळं अजून आहे. असलं तर."

"मंग कुणामुळं जाणार होतं?"

मी शेंगांची परडी पुढं ओढली आणि सोलायला लागलो. तिला उत्तर मिळालं असावं.

सोमवारी दोघांनी रजा टाकल्या. खोकं गोधडीत गुंडाळून जालन्याच्या बसमध्ये मांडीवर घेतलं. रस्ता तेव्हा असा होता, की प्रत्येक खड्ड्याला मी खोक्यासकट सीटवरून वर उठायचो, म्हणजे धक्का मला बसावा, त्याला बसू नये. कंडक्टर आला.

"टीव्ही हाय का काय? त्याचं लगेज लागंल."

"आजारी हाय," मी म्हणालो. "दवाखान्यात चाललोय."

मागचे दोघे हसले. बायको खिडकीबाहेर बघत राहिली. राजूर मागं पडलं तरी तिनं मान वळवली नव्हती.

दुकानात त्यानं खोकं उघडलं, आतली ती डायरीएवढी हार्ड डिस्क काढली आणि आपल्या मशीनला जोडली. जोडल्यावर तिच्यातून बारीक आवाज यायला लागला.

"चालू तर हाय," तो म्हणाला. आम्ही दोघंही एकदम पुढं वाकलो. "मॅडम, फाइल कुठं ठेवली होती?"

"समोरच."

"समोर म्हंजे?"

"पडद्यावरच. चालू केलं की आधी तीच दिसावी म्हणून."

त्यानं डोकं खाजवलं. मग तो एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात शिरायला लागला, एक उघडेना, काहीतरी करून उघडला, परत मागं आला. "न्हाई... इथं पण न्हाई..." असं पुटपुटत होता. मला वाटलं, निदान मनातल्या मनात तरी बोल बाबा. बायकोच्या हातात पदराचं टोक होतं, त्याची तिनं दोरी करून टाकली होती.

"ही का?"

"हीच!"

त्यानं ती उघडली. पडद्यावर पानंच्या पानं आली, आणि त्यांवर मराठीचं एक अक्षर नव्हतं. स्वल्पविराम, कंस, इंग्रजी मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, मधेच एखादा पौंडाचा शिक्का. अशी पानंच्या पानं भरलेली. त्यानं खाली सरकवत नेलं. खालपर्यंत तेच.

"गेली," तो हळू आवाजात म्हणाला. "करप्ट झाली, मॅडम. डिस्क खराब होताना असं होतं कधी कधी."

मी बायकोकडे पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही. दुकानाच्या शटरजवळ एक कुत्रं झोपलं होतं, मी त्याच्याकडे बघत होतो. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी होती, चष्मा वर सारून.

"थांबा. वर न्या. अजून वर." तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा, ओळीच्या शेवटी जिथं तिथं ह्याच खुणा येऊन राह्यल्यात. अश्शाच. मी फाँट बदलायला विसरून टाइप करायला लागले की मला असंच दिसायचं. हे खराब न्हाई झालेलं. तुमच्या मशीनमध्ये माझा फाँट न्हाई."

दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "असू शकतं," तो म्हणाला. मग त्यानं आमच्याच डिस्कमधून तो फाँट शोधला, आपल्या मशीनमध्ये घातला, सगळा मजकूर निवडून काळा केला आणि बटण दाबलं.

पडदा एकदा लुकलुकला, आणि त्या सगळ्या कंस-स्वल्पविरामांतून पोरं बोलायला लागली.

बायकोनं समोर आली ती ओळ मोठ्यानं वाचली. "'बाई, मी काल आल्तो, पन शाळाच आल्ती न्हाई.'"

दुकानदार हसला. ती हसली नाही. तिनं तीच ओळ पुन्हा वाचली, ह्या वेळी त्या पोराच्या चालीत, मान थोडी वाकडी करून, आणि मग म्हणाली, "हा माझा पहिल्या बाकावरचा. हाच कालपासून आठवत नव्हता."

"आता सीडीवर घालून देऊ का, मॅडम?" त्यानं विचारलं.

"सीडीवर पण घाला. पण आधी छापा."

"सगळं?"

"सगळं. लाइट जायच्या आत."

प्रिंटर सावकाश एकेक पान बाहेर टाकत होता आणि ती एकेक उचलून, खालून-वरून बघून, मांडीवर रचत होती. परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर खोकं, तिच्या मांडीवर तो गठ्ठा. मी म्हणालो, दे, थोडा वेळ मी धरतो. ती म्हणाली, "तुम्ही तुमचं आजारी धरा."

खोक्यात त्यानं नवी हार्ड डिस्क बसवून दिली होती, आणि माझ्याच त्या सीड्या मऊ फडक्यानं पुसून, त्यांनीच मशीन पुन्हा उभं करून दिलं होतं. म्हणजे सीड्या कामाला आल्या. घरी आल्यावर मी आईला हे आवर्जून सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "माझं कुंकू पुसलं का त्यानं?" पुसलं म्हणालो. "पुसू दे," ती म्हणाली. "काम झालं त्याचं."

शेवटचं प्रकरण बायकोनं पुढच्या आठ-पंधरा दिवसांत संपवलं. प्रबंध वेळेत गेला. बांधलेल्या प्रतीवर बोट लावायला आई कुंकवाची वाटी घेऊन आली, पण जवळ येऊन थबकली आणि सुनेला विचारलं, "कोणत्या बाजूनं लावू?"

पण हे पुढचं. जालन्याहून आलो त्याच संध्याकाळी मशीन जोडलं. कुरण आलं. बायको शेजारी, आई दारात. आणि उजव्या कोपऱ्यातून, टुंग, चौकोन वर आला. नव्या डिस्कला जुनं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही अजून रिकव्हरीच्या डिस्क तयार केलेल्या नाहीत.

माझं बोट निघालं होतंच. बायकोनं मनगट धरलं.

"आधी वाचा."

"अगं, तेच आहे ते."

"वाचा. मोठ्यानं. आम्हालाही ऐकू द्या."

मी चष्मा लावला आणि वर्गात धडा वाचतो तसं एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. ह्या डिस्क मशीन पूर्ववत करण्यासाठी आहेत. ह्यांत तुमची स्वतःची कागदपत्रं जतन होत नाहीत. ती वेगळी जतन करावीत. एवढंसं होतं. इतके महिने तिथंच होतं. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात एक रिकामी चौकट होती: 'ही आठवण पुन्हा देऊ नये.'

मी थक्क होऊन पडद्याकडे बघत राहिलो. सबंध पावसाळा मी ह्याच चौकटीसाठी तडफडलो होतो.

"टिक करू का इथं?" मी विचारलं. "म्हंजे कायमचं बंद होतं."

बायकोनं आईकडे पाहिलं. आई दारातून म्हणाली, "असू दे. येऊ दे त्याला."

मी 'नंतर' दाबलं. चौकोन खाली गेला, आणि बायकोनं फाइल उघडली.